चादरीचं दुसरं टोक

चादरीची घडी एकट्याने होत नाही, असं घडीमावशींचं ठाम मत होतं. एकटा माणूस करतो ती घडी नव्हे, गुंडाळी. घडीला दोन माणसं लागतात. दोन कोपरे एकीच्या हातात, दोन दुसरीच्या. आधी ताणायचं, मग झटकायचं, मग पुन्हा ताणायचं. कापडात एकही लाट उरली नाही, की कोपऱ्यावर कोपरा आणायचा आणि एकमेकींकडे चालत जायचं. हे सांगताना समोरचा ऐकतोय की नाही, हे त्या बघायच्या नाहीत. सरळ त्याच्या हातात चादरीची दोन टोकं द्यायच्या. मग तो झक मारत ऐकायचा.

त्यांची लॉन्ड्री आता नाही. जागा सपाट करून तिथे मोटारी उभ्या करतात. धुराडं तेवढं काही वर्षं एकटंच उभं होतं, शेवटी तेही पाडलं. पण तिथे काम केलेली माणसं अजूनही त्या रस्त्याने जाताना पावलं सावकाश टाकतात. साबणाचा आणि गरम कापडाचा वास येतो म्हणतात. वास कुठला यायला? तरी येतो.

लॉन्ड्रीचे दोन भाग होते, ओली बाजू आणि सुकी बाजू. मध्ये जाड लाकडी दार. ओल्या बाजूला दगडी फरशी आणि ओळीने हौद. हौदांतून थंड पाणी सतत वाहायचं, काठावरून सांडायचं आणि फरशीवरून मोरीत जायचं. तिथल्या बायका गुडघ्यापर्यंत रबरी बूट आणि अंगात रबरी एप्रन घालून दिवसभर कपडे खळबळायच्या. ओली चादर काय वजनाची असते, हे ज्याने ती हौदातून उचलली आहे त्यालाच ठाऊक. पाठ वाकलेली, बोटं पांढरी पडलेली, आणि कोरडं असं अंगावर काही नाही. सुक्या बाजूला लाकडी जमीन, लांब टेबलं, इस्त्रीची यंत्रं. तिथे चपला बाहेर काढून अनवाणी जायचं, कारण झटकताना चादर जमिनीला लागली आणि डाग पडला, तर ती परत हौदात. ओल्या बाजूच्या बायका सुक्या बाजूच्यांना ‘महाराण्या’ म्हणायच्या. त्या उलट यांना ‘बेडक्या’ म्हणायच्या. चहाला मात्र बेडक्या आणि महाराण्या एकाच बाकावर.

घडीमावशी म्हणजे महाराण्यांच्या महाराणी. अंगाने काटकुळ्या, आवाजाने दणदणीत. त्यांचा एकच नियम: अर्धी घडी टाकून उठायचं नाही. मुकादमाने हाक मारू दे, घरून निरोप येऊ दे. “हातातलं पुरं करायचं, मग मरायचं,” असं त्या नव्या पोरींना सांगायच्या. एकदा इस्त्रीच्या यंत्रातून खरंच जाळ निघाला. बाकीच्या किंचाळत पळाल्या. मावशींनी कोपऱ्यावर कोपरा आणला, घडी पुरी केली, थप्पीवर ठेवली, वरून हात फिरवला आणि मग वाळूची बादली उचलली. मुकादम हा किस्सा आल्यागेल्याला सांगायचा. सांगताना त्याचा सूर तक्रारीचा असायचा, पण छाती फुगलेली असायची.

लॉन्ड्रीच्या मागेच कामगारांची वस्ती. वस्तीला सुईण एकच, तीसुद्धा नदीपलीकडे राहणारी. परीक्षा पास झालेली, सरकारी बिल्ला लावणारी, सायकलवर फिरणारी बाई. तिची हद्द एवढी मोठी, की एका टोकाला पोचेपर्यंत दुसऱ्या टोकाचा निरोप येऊन पडायचा. त्यात आमच्या वस्तीच्या पहिलटकरणी. जरा पोटात आवळून आलं, की “बोलवा बाईला!” बाई पुलावरून पॅडल हाणत यायची, तर इकडे पोरगी चहा पीत बसलेली आणि कळा गायब. एकदा बाई अशीच इथे खोट्या कळांपाशी अडकून बसली आणि हद्दीच्या दुसऱ्या टोकाला एका बाईला वेळेवर हात मिळाला नाही. बाळ गेलं.

त्यानंतर सुईणबाई चहाच्या सुट्टीत लॉन्ड्रीत आल्या. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. बाकासमोर उभ्या राहून म्हणाल्या, “नीट ऐका, पुन्हा सांगायला वेळ नाही. खोट्या कळा येतात आणि विरतात. चाललं, पाणी प्यायलं, कुशीवर पडलं, की जातात. खऱ्या कळा तुम्ही काहीही करा, जात नाहीत. बहुतेक वेळा पाठीतून निघतात, पुढे येतात, पोट दगडासारखं घट्ट होतं. एकीपेक्षा दुसरी जोराची, आणि मधली उसंत कमी कमी होत जाते. कळ चालू असताना बाईला बोलणं सुचत नाही. तसं झालं की मला बोलवा. अंगावरून लालसर चिकट गेलं, की समजा आता फार लांब नाही. आणि रक्त गेलं, बाळ हलेनासं झालं किंवा पाणी गेलं, तर कळा असोत नसोत, लगेच बोलवायचं. पाणी हिरवट दिसलं तर धावतच या. त्यात वाट बघायची नाही.”

“बाई, बोलणं सुचत नाही, हे कसं ओळखायचं?” एका बेडकीने विचारलं. “आमची जाऊ तर मेली तरी बोलायची थांबणार नाही.”

सगळ्या हसल्या. सुईणबाईसुद्धा हसल्या. मावशी हसल्या नाहीत. त्या विचार करत होत्या.

त्या दिवसांत त्यांच्यासमोर टेबलाला दिवस भरत आलेली एक बाई काम करत होती. चादर ताणली, की तिच्या बाजूने काय चाललंय ते मावशींना कापडातून कळायचं. उगाच आवळून आलं, तर ती ओठ चावायची, पण हात चालू. सुईणबाई येऊन गेल्यावर काही दिवसांनी मात्र झटकता झटकता तिचा हात थबकला. कापड आखडलं, ताण एकदम वाढला, मग हळूहळू सैल झाला. थोड्या वेळाने पुन्हा तसंच. तिचं तिला कळण्याआधी मावशी म्हणाल्या, “सायकलवालीला निरोप धाडा.” दिवस मावळायच्या आत पोरगा झाला.

तेव्हापासून रीतच पडली. कळा सुरू झाल्यासारख्या वाटल्या, की बाई मावशींकडे यायची. मावशी थप्पीतली चादर काढून म्हणायच्या, “धर.” समोरासमोर उभ्या राहून दोघी घड्या घालायच्या, गप्पा मारायच्या, आणि मावशी डोळे अर्धे मिटून कापड ऐकायच्या. मग निकाल. “अजून वेळ आहे, जा, पाय वर करून पड,” नाहीतर “बोलवा.” फाटकाबाहेर नवरे ताटकळत उभे असायचे. एका सुताराला तर मावशींनी आत ओढून, “तूही धर, बायकोपेक्षा तूच जास्त थरथरतोयस,” असं म्हणून घडी घालायला लावली. सुईणबाईंचाही पुढे विश्वास बसला. घडीमावशींचा निरोप आला म्हणजे हातातला घास ठेवून निघायचं, असं त्यांनी स्वतःच ठरवलं. मावशींचा निकाल वर्षानुवर्षं चुकला नाही. चुकला नाही, म्हणून तर पुढचं घडलं.

मावशींची सून याच लॉन्ड्रीतली. आई लहानपणीच गेलेली, वडील फिरतीवर. पोर वयात आली तशी सुक्या बाजूला लागली आणि मावशींनी तिला घडवली. तिच्यासारखा हात पुन्हा कुणाचा झाला नाही. सुरुवातीला ठेच लागली, शिंक आली, कुणी विनोद केला, की तिच्या हातातून टोक सुटायचं. मावशी टेबलावर थाप मारायच्या. “आभाळ कोसळलं तरी टोक सोडायचं नाही! पोटात दुखो, डोळ्यांत पाणी येवो, हाताला कळता कामा नये.” पोरीने ते इतकं मनावर घेतलं, की एकदा वडिलांच्या आजारपणाची बातमी आली तेव्हाही तिने हातातली घडी पुरी केली आणि मगच रडली. मावशींनी तिला जवळ घेतलं. त्याच दिवशी मनात म्हणाल्या, ही आपल्या घरात यायला हवी.

आली. पण लग्नानंतर तिने मुकादमाकडे जाऊन ओली बाजू मागून घेतली.

“अगं, लोक ओली बाजू सोडायला माझ्या विनवण्या करतात,” मुकादम म्हणाला.

“मुकादमकाका, घरी एक सासू आहे. कामावर आणखी एक कशाला?”

हे मावशींच्या कानावर गेलं तेव्हा त्या दिवसभर हसत होत्या. पोरीच्या जिभेला हाड नव्हतं आणि मावशींना ती तशीच आवडायची. घरी दोघींची जुंपली, की मुलगा ताट उचलून अंगणात जाऊन जेवायचा. त्याला दोघींचंही पटायचं आणि ते सांगायची दोघींसमोरही हिंमत नव्हती.

सुनेला दिवस गेले. शेवटच्या महिन्यात पाय इतके सुजले, की रबरी बूट चढेनात. मग ती लाकडी पट्ट्यांच्या चपला घालून हौदाशी उभी राहायची. मुकादमाने तिला जड चादरी काढून उशांचे अभ्रे आणि हातरुमाल दिले. “घरी बस,” असं मावशी म्हणाल्या, तर म्हणाली, “तुम्ही बसला होतात का?” मावशी बसल्या नव्हत्या. प्रश्न मिटला.

त्या दिवशी बॉयलरची सफाई होती. बॉयलर बंद, म्हणजे गरम पाणी बंद, वाफ बंद, इस्त्रीची यंत्रंही बंद. आदल्या दिवशी धुतलेलं तेवढं ओल्या बाजूने खळबळायचं आणि इस्त्री झालेलं तेवढं सुक्या बाजूने घडी करायचं. एरवी वाफेने भरलेली लॉन्ड्री त्या दिवशी गार आणि गप्प असायची. मावशींचा मुलगा गाडी घेऊन बाहेरगावच्या हॉटेलांचा माल पोचवायला गेला होता. बॉयलरवाले कोळसेकाका बॉयलरच्या पोटात शिरून आत साठलेली क्षारांची खरपुडी खरवडत होते. त्यांची ठाकठूक तेवढी ऐकू येत होती.

सकाळचं काम रंगात आलं असताना मधलं दार उघडलं आणि सून उंबऱ्यावर उभी राहिली. ओल्या चपला घेऊन आत येता येत नाही, म्हणून उंबऱ्यावर.

“आई, आज काहीतरी वेगळं आहे.”

“काय वेगळं?”

“पाठ.”

“बेडकीची पाठ दुखायचीच. नाही दुखली तर मुकादमाला सांगायचं, ही काम करत नाही म्हणून.”

बाकीच्या हसल्या. सून नेहमीसारखं उलटून बोलली नाही. “रोज दुखते, ते मला माहीत आहे,” ती म्हणाली. “आज वेगळी दुखते. सांगता येत नाही, पण वेगळी.”

मावशींनी हातातली घडी पुरी केली. थप्पीतली चादर काढली. “चपला काढ. ये. धर.”

सून आली. मावशींनी तिला चांगलं पारखलं. चादरीमागून चादर. ताण, झटक, ताण, कोपऱ्यावर कोपरा. कापड सरळ, गुळगुळीत, तळ्याच्या पाण्यासारखं. कुठे थबकणं नाही, आखडणं नाही. इतकी सुंदर घडी मावशींना कित्येक दिवसांत मिळाली नव्हती. सुनेसोबतची जुनी लय हाताला सापडली आणि त्या मनातून सुखावल्याही. शेवटची चादर थप्पीवर ठेवून त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असा निकाल दिला.

“सुरकुती नाही! अजून वेळ आहे. स्टूल घेऊन बसून काम कर.”

सुनेने त्यांच्याकडे पाहिलं. “तुम्ही म्हणाल तसं,” एवढं म्हणून ती गेली.

ही पोरगी लग्न झाल्यापासून ‘तुम्ही म्हणाल तसं’ कधी म्हणाली नव्हती. मावशींच्या कानात ते कुसळासारखं टोचलं. पण तोवर पुढची चादर हातात आली होती, आणि अर्धी घडी टाकून उठायचं नव्हतं.

चहाची घंटा झाली. बाक भरला. सून आली नाही. मावशींनी थोडी वाट पाहिली, मग दोन पेले घेतले आणि दार पायाने ढकलून ओल्या बाजूला शिरल्या. चपला घालायला हात मोकळा नव्हता, म्हणून तशाच अनवाणी. फरशी बर्फासारखी गार. पाण्यातून पाय टाकताना तळव्यांना झिणझिण्या आल्या. सून पाठमोरी उभी होती. स्टूल रिकामं. एका हाताने हौदाचा काठ धरलेला, दुसऱ्या हाताने अभ्रा पाण्यात घोळवत होती, सावकाश, न थांबता.

“चहा.”

“ठेवा.”

मावशी तिच्या शेजारी गेल्या, काठावर पेला ठेवला, आणि त्यांच्या डाव्या पायाला कोमट लागलं.

त्यांनी पाय उचलला. बाजूला ठेवला. तिथे गार. पुन्हा सुनेच्या चपलेशी ठेवला. कोमट.

कुठलीतरी गरम पाण्याची तोटी गळते आहे, हे पहिलं मनात आलं. लॉन्ड्रीत दुसरं काय येणार?

“काका!” त्या ओरडल्या. “गरम पाणी सोडलंत का?”

बॉयलरच्या पोटातून घुमत आवाज आला, “कुठलं गरम पाणी? मी आत बसलोय! सोडलं असतं तर एव्हाना शिजलो नसतो का?”

म्हणजे त्या अख्ख्या इमारतीत त्या क्षणी कोमट पाणी यायला एकच जागा होती.

“पोरी,” मावशींचा दणदणीत आवाज कुठल्या कुठे गेला, “तुझं पाणी गेलंय.”

“नाही हो. एप्रन गळतंय. सकाळपासून गळतंय.”

“सकाळपासून?”

सुनेने मान वळवली. सकाळपासून तिचे पाय गार पाण्यात बधिर होते, कपडे नेहमीसारखे चिंब होते. कळणार कसं? त्या जागेत कोरडं होणं ही बातमी, ओलं होणं ही नव्हे. तिचा चेहरा हळूहळू बदलला, आणि तेवढ्यात तिचे डोळे आत कुठेतरी गेले. ती बोलेनाशी झाली. काठावरचा हात तसाच, अभ्र्यावरचा हात तसाच. फक्त पायाची बोटं चपलेच्या लाकडात रुतल्यासारखी वळली. मावशी त्या बोटांकडे बघत राहिल्या. कळ ओसरली तेव्हा सून लांब श्वास घेऊन म्हणाली, “ही जरा मोठी होती.”

“कधीपासून येतायत?”

“तुम्ही चादर धरायला लावलीत तेव्हाही दोनदा आली.”

“मग हात कसा नाही थबकला तुझा?”

“तुम्हीच शिकवलंत ना,” सून म्हणाली. “आभाळ कोसळलं तरी.”

मावशींनी शेजारचा पांढरा रुमाल उचलून तिच्याकडे दिला, “टिपून दाखव मला.” रुमालावर पाणी होतं, त्यात गुलाबीची एक पुसट रेघ. हिरवं नव्हतं. मावशींनी तो उजेडात धरून पुन्हा पाहिला. पांढऱ्या कापडावरचा डाग ओळखण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी इतकं निरखून कुठलाच डाग कधी पाहिला नव्हता.

“बाळ हलतंय?”

“आत्ताच लाथ मारली.”

“काका! बाहेर या! सुईणबाईला आणा! पाणी गेलंय म्हणून सांगा, सकाळीच गेलंय म्हणून सांगा!”

कोळसेकाका बॉयलरच्या तोंडातून निघाले ते नखशिखांत काळे, फक्त डोळे पांढरे. फाटकाशी मुकादमाची सायकल होती, तिच्यावर टांग टाकली. मुकादम मागून ओरडला, “अहो, सीट! सीट काळी होईल!” काका तोवर वळणापार गेले होते.

सुनेला घरापर्यंत चालवत नेणं आता शक्य नव्हतं. बायकांनी तिला हातावर धरून सुक्या बाजूला आणलं. मावशींनी थप्पीतल्या चादरी खेचून जमिनीवर अंथरल्या, एकीवर एक.

“मावशी, त्या मोठ्या हॉटेलच्या चादरी आहेत!” मुकादम दारातून म्हणाला.

“पुन्हा धुऊ. लॉन्ड्रीच आहे ना ही? का मिठाईचं दुकान?”

“नाही, म्हणजे मी आपलं…”

“तुम्ही आपलं चहाच्या स्टोव्हवर पाणी ठेवा. मोठं पातेलं. आणि इकडे पाठ करा.”

मुकादमाने आयुष्यात पहिल्यांदा कुणाचा हुकूम निमूट ऐकला.

कळा आता एकीच्या पाठीवर एक येत होत्या. सून गुडघ्यांवर होती, हात काहीतरी शोधत होते. मावशींनी एक चादर पिळून तिचं एक टोक सुनेच्या हातात दिलं, दुसरं आपल्या कमरेभोवती घेऊन हातात धरलं आणि पाय रोवले.

“आता ऐक माझं,” त्या म्हणाल्या. “मी शिकवलेलं सगळं विसर. ओढ. ओरड. फाड हवी तर.”

आणि सुनेने ओढली. मावशींनी तीस-पस्तीस वर्षं चादरी ताणल्या होत्या, पण अशी ओढ त्यांना ठाऊक नव्हती. त्या एक पाऊल फरफटल्या. दर कळेला फरफटत होत्या आणि परत मागे जाऊन उभ्या राहत होत्या. खिडकीतून पुलाकडचा रस्ता दिसायचा. त्यांनी त्या रस्त्याकडे किती वेळा पाहिलं, याला गणती नाही. सकाळी उंबऱ्यावर उभी राहिलेली पोर त्यांना पुन्हा पुन्हा दिसत होती. ‘सांगता येत नाही, पण वेगळी.’ याहून स्पष्ट माणूस काय सांगणार?

सुईणबाई आल्या त्या धापा टाकत. “एक काळाकुट्ट माणूस दारात उभा राहून ‘पाणी गेलं, पाणी गेलं’ ओरडतोय. मला वाटलं नळ दुरुस्तीवाला चुकून आला,” असं म्हणत त्यांनी बाह्या सारल्या, मुकादमाच्या पातेल्यात हात धुतले आणि खाली बसल्या. मग मात्र एक अवांतर शब्द नाही. बाळाचं डोकं बाहेर आलं आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. “थांब. आता जोर लावायचा नाही. फुंकर मार. मेणबत्ती विझवल्यासारखी. अजून. अजून.” नाळेचा वेढा मानेला होता. बाईंनी बोट आत सरकवलं, वेढा सैल केला आणि डोक्यावरून काढला, जणू कुणी अडकलेली माळ काढावी. मावशींनी ते सगळं पाहिलं. त्यांच्या हातातलं चादरीचं टोक कधी सुटलं, ते त्यांना कळलं नाही.

मुलगी रडली. सुक्या बाजूने आधी श्वास सोडला आणि मग गलका केला. दाराबाहेर कोळसेकाकांनी तोंड पुसलं, तर काळ्यावर दोन पांढऱ्या वाटा उमटल्या.

सगळं आवरल्यावर बाई सामान पिशवीत भरत म्हणाल्या, “सकाळी पाणी गेलं आणि मला आत्ता बोलावलंत? तुम्ही?”

“मी चादर धरली होती,” मावशी म्हणाल्या. “चादरीने काही सांगितलं नाही.”

“आणि हिने?”

हॉटेलच्या चादरींवर, लेकीला छातीशी घेऊन, डोळे न उघडता सून म्हणाली, “मी म्हटलं होतं.” तिच्या आवाजात राग नव्हता. म्हणून ते जास्त लागलं.

वस्तीतल्या बायका त्यानंतरही येत राहिल्या. मावशी चादर अजूनही धरायच्या. हाताला कळतं ते कळतंच. पण आता थप्पीला हात लावायच्या आधी विचारायच्या, “तुला काय वाटतं?”

“मला काय कळतंय, मावशी? म्हणून तर तुमच्याकडे आले.”

“कळतंय. सांग आधी. मग धरू.”

बायकांना ते चमत्कारिक वाटायचं. काही म्हणायच्या, मावशींचा आता स्वतःवर भरवसा उरला नाही. सुनेच्या कानावर ते गेलं तेव्हा तिने त्यांना हौदाशी गाठून असं काही सुनावलं, की पुन्हा कुणी तो विषय काढला नाही. सासूला बोलायचा हक्क तिचा एकटीचा होता.

नात चालायला लागली आणि सुनेला पुन्हा दिवस राहिले. या खेपेला ती सुक्या बाजूला होती, मावशींच्या समोर, त्याच टेबलाला. एका दुपारी काम जोरात होतं. दोघींनी चादर ताणली, झटकली, कोपऱ्यावर कोपरा आणला आणि एकमेकींकडे चालत आल्या. अर्ध्या वाटेत सून म्हणाली, “आई, वाटतंय आज.”

कापड सरळ होतं. एक सुरकुती नव्हती.

मावशींनी हातातली टोकं टेबलावर टाकली. अर्धी झालेली घडी तशीच पसरली. त्या दाराकडे निघाल्या, चपला घालायलाही थांबल्या नाहीत.

सुईणबाई आल्या. तपासलं. “आज नाही,” चहा घेत म्हणाल्या. “उद्याही नाही बहुतेक. या खोट्या आहेत.”

सून ओशाळली. “उगाच सायकल मारायला लावली तुम्हाला.”

“बाई,” मावशी म्हणाल्या, “आणखी एक कप घ्या. साखर घालू ना?”

सुईणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि निवांत बसल्या. दुसरा कपही घेतला. तोवर मुकादम फेरीला आला आणि टेबलापाशी थबकला. मावशींच्या टेबलावर अर्धी घडी, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याने दोन कोपरे उचलले, थोडं ताणून पाहिलं आणि समोर कुणी आहे का, म्हणून इकडेतिकडे बघत उभा राहिला.